मन लागलं की तेही सांग

इंदूरच्या विमानतळाला जाणारी टॅक्सी दारात उभी राहिली की देवासची आमची सगळी गल्ली बाहेर येते. माझ्या वेळीही आली. वाट तासाभराची, तरी समोरच्या काकी डबाभर पोहे घेऊन आल्या. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, गाडीच्या टपावर बांधलेली बॅग पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. "फिकर मत करो भिया, एकदम टाइट है," असं ड्रायव्हरने दोनदा सांगितलं. तेवढ्याने नानांचं समाधान झालं नाही आणि ते त्याला इंदूरचा रस्ता समजावून सांगायला लागले. देवासच्या ड्रायव्हरला इंदूरचा रस्ता! पण त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि माझ्याशी बोलता येत नव्हतं. आईने माझ्या तळहातावर दही ठेवलं, मी ते चाटल्यावर पदराने हात पुसला, आणि मग खिडकीशी वाकून म्हणाली, "पोहोचलीस की सांग. आणि मन लागलं की तेही सांग."

पोहोचल्याचं मी त्याच दिवशी सांगितलं. दुसरं सांगायला मला वर्षं लागली. त्या वर्षांत जे झालं ते माझ्यासारख्या घर सोडून लांब गेलेल्यांसाठी लिहितेय, आणि ज्यांनी आम्हाला टॅक्सीत बसवलं त्यांच्यासाठीही. आमची शाळा हिंदी होती. मराठी वाचायला नानांनी शिकवलं, रविवारी दुपारी दाराला कडी लावून, कारण माझे आणि धाकट्या बहिणीचे, मुक्ताचे, कान बाहेरच्या क्रिकेटकडे असायचे. तेव्हा एखादा शब्द इकडेतिकडे झाला तर तो माळव्याचा समजून पोटात घाला.

मी रीगाला राहते. लात्वियाची राजधानी, बाल्टिक समुद्राकाठचं बंदर. आमच्या नातेवाइकांत मात्र 'रशियाच्या तिकडे कुठेतरी' असं माझं ठिकाण कायमचं ठरून गेलंय. शिकायला म्हणून आले होते, पण शिकता शिकताच बंदरात येणाऱ्या मालाच्या वाटा आखणाऱ्या एका कंपनीत संगणकाचं काम मिळालं. पहिला हिवाळा फार वाईट गेला. सूर्य ऑफिस भरल्यावर यायचा आणि ऑफिस सुटायच्या आत जायचा. फुटपाथवरच्या बर्फावरून मी इतक्यांदा आपटले की चालायचं कसं हेच विसरले. काळा आंबट ब्रेड घशाखाली उतरत नव्हता. मी फोनवर रडले, आईही रडली, आणि नाना मागून "बंद कर तो फोन, दोघी आजारी पडाल" म्हणत राहिले. मी राहते त्या जागेला आई 'रूम' म्हणायची. रूमवर पोहोचलीस का, रूममध्ये ऊब आहे का. पुढे मी दोन खोल्यांचं, स्वयंपाकघरात लायलॅकच्या झाडाकडे उघडणारी खिडकी असलेलं घर घेतलं, पण आईसाठी ती रूमच राहिली.

हिवाळा सरला आणि शहराने तोंड उघडलं. असं मी म्हणते खरं, पण तोंड माझंच मिटलेलं होतं. ऑफिसातली इल्झे मला एकदा जुन्या गावातल्या एका तळघरात घेऊन गेली. उंच, कमी बोलणारी ही बाई मला वाटलं चर्चबिर्च दाखवेल. खाली उतरले तर व्हायोलिन, अकॉर्डियन, लाकडी बाकं, आणि सगळ्या वयांची माणसं हातात हात घालून गोल नाचतायत. दर गुरुवारी नाचतात. पायऱ्यांवर उभं राहून मी पाच मिनिटं पाहिलं आणि माझ्या पायांना आपोआप कळलं. लहानपणी नवरात्रात गल्लीच्या कोपऱ्यावर गरब्याला आम्ही असंच गोल धरायचो. मला कुणीतरी आत ओढलं. चुकले, पाय तुडवले, कुणी रागावलं नाही. बाहेर आलो तेव्हा इल्झेने मला इथली काळी, जडीबुटीची दारू एका इवल्या ग्लासातून चाखवली. ती हुबेहूब आईच्या काढ्यासारखी लागते, फक्त ती नाक धरून प्यायला कुणी लावत नाही.

त्यानंतर हे शहर हळूहळू माझं होत गेलं. विमानांच्या आधी जे मोठाले फुगे उडायचे ते ठेवायला बांधलेल्या जुन्या शेडच्या छपरांखाली इथला मोठा बाजार भरतो. तिथली धुरावलेला मासा विकणारी बाई मला बघितलं की मान हलवते, कारण मी मासा खात नाही आणि रोज तिच्याकडून माशाशेजारी ठेवलेलं शेपू घातलेलं काकडीचं लोणचं तेवढं घेते. चर्चच्या मनोऱ्यावर लिफ्टने गेलं की नदी, पूल, क्रेन्स आणि लांब समुद्राची रेघ दिसते. जूनमध्ये रात्र होतच नाही म्हटलं तरी चालेल. लोक रस्त्यावर खुर्च्या टाकून बसतात, कुठून कुठून गाणी ऐकू येतात, आणि मला घरी जावंसंच वाटत नाही. आई विचारायची, "करमतं का गं?" आणि मी, खरं सांगायला काहीच हरकत नसताना, "बघू" म्हणायचे. तोवर तो निव्वळ आळस होता. पुढे तसं राहिलं नाही.

नाना गेले तेव्हा मी पोहोचले ती दहाव्याला. तेराव्यापर्यंत थांबले, आईच्या शेजारी झोपले, मुक्ताबरोबर भांडी घासली, आल्यागेल्याला चहा दिला. परत निघाले तेव्हा आई दारात आली नाही, आत भिंतीला टेकून बसली होती. विमान रीगाच्या आखातावर खाली यायला लागलं, खिडकीतून पाइनची काळपट हिरवी रानं दिसली, मग त्या बंदरातल्या क्रेन्स, आणि माझ्या मनात अगदी स्पष्ट शब्द आले, 'आले बाई घरी एकदाची.' ते ऐकून मला माझीच किळस आली. बापाचे दिवस करून आलेली मुलगी! आई तिकडे भिंतीला टेकून बसलीय आणि हिचा जीव इथे भांड्यात पडतोय. मी कुणाला काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून माझं सुख हे मला लपवायची वस्तू वाटायला लागलं.

नानांनंतर आई घराबाहेर फारशी पडेना, म्हणून मुक्ताने रविवारचा व्हिडिओ कॉल ठरवला. रीगात दुपारचे बारा म्हणजे देवासला चहाची वेळ. आई कप घेऊन बसायची आणि म्हणायची, "दाखव तुझं गाव." मी फोन हातात धरून हिंडायचे. आता हसाल, पण मी काय दाखवायचं ते आदल्या दिवशी ठरवून ठेवायचे, आणि निवडून निवडून उदास तेवढंच दाखवायचे. पावसात भिजलेलं दफनभूमीचं फाटक. गोठलेली नदी. रविवारी बंद असलेली दुकानं. स्वतः सुद्धा घरातला सगळ्यात विटका स्वेटर घालायचे. मुलगी मजेत नाचतेय हे विधवा आईने बघावं तरी कसं, असं मला वाटायचं. लोक परदेशातली दुःखं घरापासून लपवतात. इल्झेचा भाऊ आयर्लंडला बांधकामावर राबतो आणि आईला फक्त समुद्रकिनाऱ्याचे फोटो पाठवतो. म्हातारीला वाटतं पोरगा कामच करत नाही. माझा कारभार अगदी उलटा होता.

आई मात्र उदास गोष्टींतही स्वतःचं शोधून काढायची. अल्बर्टा नावाच्या रस्त्यावर जुन्या श्रीमंतांच्या इमारती आहेत, दारा-खिडक्यांवर सगळीकडे दगडी मुखवटे, त्यांची तोंडं वासलेली. आई बराच वेळ बघून म्हणाली, "या बायांना सासरी फार छळलं का गं? सगळ्या ओरडतायत." जहाजांच्या संग्रहालयात मी तिला काचेतली गलबतं दाखवली. आई माहेरची धारची, तिने आयुष्यात एकच जहाज पाहिलंय, मांडूचा जहाज महाल, दोन तळ्यांच्या मध्ये उभा असलेला. ती म्हणाली, "आमचं जहाज बरं. कुठे जात नाही." मुक्ता मागून हसली. मी हसू दाबलं, कारण त्या वेळी मला दुःखी दिसायचं होतं.

एका रविवारी मी तिला परक्या राजवटींच्या काळाचं संग्रहालय दाखवलं. तिथे लोकांना घरातून उचलून सैबेरियाला नेलं त्याच्या खुणा आहेत, गाठोडी, लाकडी फळ्यांचं निजायचं ठिकाण, घाईत शिवलेले हातमोजे. आईने विचारलं, "त्यांच्या आयांना माहीत तरी होतं का, कुठे नेलं ते?" मी फोन हातमोज्यांवरून बाजूला वळवला. ज्यांनी खरोखर सोसलं त्यांचं दुःख मी उसनं आणून माझ्या खोट्या दुःखावर पांघरत होते. बाहेर येऊन मी कोपऱ्यावरच्या बाकावर बसून राहिले. तरी पुढच्या रविवारी परत विटका स्वेटर घातला.

आता थोडं देवासबद्दल. आमच्या गावाला सगळं दोन-दोन. राजे दोन होते, एकाच घराण्याच्या दोन शाखांचे, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि गावातल्या टेकरीवर देव्याही दोन, सख्ख्या बहिणी. थोरली तुळजाभवानी, धाकटी चामुंडा. गाव त्यांना बडी माता, छोटी माता म्हणतं. एकदा दोघींचं भांडण झालं. थोरली रागाने जमिनीत जायला लागली आणि धाकटी टेकरी सोडून निघाली. हनुमान आणि भैरव मध्ये पडले, हातापाया पडले, तेव्हा दोघी थांबल्या. पण थोरली अर्धी जमिनीत गेलेली ती तशीच, आणि धाकटी उतरणीवर पोहोचलेली तीही तिथेच. लहानपणी मुक्ताला ही गोष्ट आवडायची नाही. "म्हणजे भांडण मिटलंच नाही ना," म्हणायची. टेकरीवर जायला आता रोपवे झालाय. माझ्या वयाची माणसंसुद्धा पायऱ्यांकडे बघत नाहीत.

मुक्ताचा फोन एका शुक्रवारी ऑफिसात आला. ती शाळेत शिकवते, कामाच्या वेळात कधी फोन करत नाही.

"ताई, आई पडली. घाबरू नको, हाड मोडलं नाही. गुडघा सुजलाय."

"कुठे पडली?"

"टेकरीवर. पायऱ्यांवरून घसरली."

"अगं पण रोपवे आहे ना! पायऱ्यांनी कशाला गेली ती?"

"दर शुक्रवारी पायऱ्यांनीच जाते. तुझ्या पहिल्या थंडीपासून. आधी नाना बरोबर जायचे, आता एकटी जाते. नवस बोललीय तुझ्यासाठी."

"काय बोललीय?"

"ते सांगत नाही. बोलून दाखवलं की फळत नाही म्हणते. पण काय असणार? तू परत यावी, दुसरं काय. मी किती वेळा म्हटलं, आई, बस झालं आता. तर म्हणते, रविवारी तिचा चेहरा बघितलास का, कसा सुकलाय. तू पण ना ताई, हद करते! दर वेळी ती रडकी सूरत. एवढा त्रास आहे तर ये ना परत. कोणी हात धरलाय?"

मी उठून जिन्यात गेले आणि तिला खरं सांगून टाकलं. मला त्रास काहीच नाही. मला इथे आवडतं. फार आवडतं.

"मग सांगत का नाहीस तिला?"

"सांगितलं तर ती म्हणेल, हिला आपली गरज नाही उरली. नवस मोडेल तिचा."

"आणि गुडघा मोडला तर?" मुक्ता ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आपलं त्या देव्यांसारखं झालंय बघ. तू निघाली, आणि मी इथे धसले." तिने फोन ठेवला.

तिचं चुकलं नव्हतं. डॉक्टरकडे तीच नेत होती, गुडघ्याला शेक तीच देत होती. मी रविवारी सुजलेला गुडघा फोनवर बघायचे, आणि त्या गुडघ्याची सूज माझ्या विटक्या स्वेटरने आणलीय हे मला आणि मुक्ताला दोघींनाच माहीत होतं. प्रत्येक वेळी तोंडापर्यंत यायचं आणि मी मूग गिळून बसायचे. खरं सांगितलं तर तिची आशा मारायची, नाही सांगितलं तर तिचे पाय. यातलं कमी वाईट काय, हे मला ठरवता येईना. आईचा गुडघा थोडा उतरला, ती काठी घेऊन घरात हिंडायला लागली. मग एका गुरुवारी सकाळी मुक्ताचा मेसेज आला, 'उद्यापासून परत पायऱ्यांनी जाणार म्हणते. डॉक्टर नको म्हणालाय. आता तू बघ.'

जून होता. उन्हाळ्यात तळघरातला नाच नदीकाठच्या चौकात येतो. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि ऊन भर दुपारचं असावं तसं होतं. बायकांनी डोक्यावर रानफुलांचे गजरे गोल बांधले होते, इल्झेने एक माझ्याही डोक्यावर ठेवला होता. मी फोन लावला. आई जेवून उठली होती.

"हे काय, लग्न आहे का कुणाचं?" तिने विचारलं.

"नाही आई. गुरुवार आहे."

"गुरुवारी काय असतं?"

"नाच असतो. मी येते दर गुरुवारी."

"तू? नाचतेस?"

पुढचं वाक्य मी दिवसभर घोकलं होतं, पण ऐन वेळी ते राहूनच गेलं. मी फोन इल्झेच्या हातात दिला आणि नाचायला गेले. दुसरं काही सुचलंच नाही. पोल्का, जोडीने करायचा उड्यांचा नाच, सुरू झाला होता. पहिला फेरा मी फोनकडे बघत केला, माझे पाय जड होते. दुसऱ्या फेऱ्यात एका टकल्या आजोबांनी मला असं गरगरा फिरवलं की गजरा कानावर आला, आणि मी हसले. मोठ्याने, तोंड उघडून, जशी मी रविवारी कधीच हसले नव्हते. मला ते थांबवता आलं नाही. गाणं संपल्यावर धापा टाकत फोन घेतला, तर पडद्यावर आमच्या घरचा छताचा पंखा फिरत होता. आई नव्हती.

"मुक्ता! आई कुठे गेली?"

मुक्ताचं तोंड पडद्यावर आलं. तिचे डोळे ओले होते. "देवापाशी गेलीय. साखर ठेवतेय."

आई काठी टेकत परत आली. बोटांना साखर लागलेली तशीच होती. "लागलं का गं मन?" तिने विचारलं.

"हो आई."

"कधी लागलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. "नाना गेल्यावर मी परत आले ना, तेव्हा कळलं," मी म्हटलं.

मागून मुक्ताने तोंड उघडलं होतं, आईने हात करून तिला गप्प केलं. मग म्हणाली, "सांगायचं राहिलं वाटतं."

"आई, तुझा नवस... मी परत यावी म्हणून होता ना?"

"ते कसं मागेन? ते मागितलं असतं तर तुझं तिथे कधीच लागलं नसतं. तुझं मन लागू दे, एवढंच मागितलं होतं. मला वाटलं देवी ऐकतच नाही. मागे एकदा तर रागावून बोलले मी तिला. दोघींनाही." तिने बोटावरची साखर पदराला पुसली. "उगाच बोल लावला गं त्यांना."

मला ते आईच्या गुडघ्यापेक्षाही जास्त लागलं. एरवी देवाला अरेतुरे न करणारी माझी आई, माझ्या एका सोंगामुळे देवीशी भांडून आली होती. मी माफी मागायला लागले तर ती म्हणाली, "ते राहू दे. नवस तुझ्या नावाचा आहे, फेडायला तूच पाहिजेस. सुट्टी मिळाली की ये आणि ओटी भर. दोघींची." मग जवळ तोंड आणून हळूच म्हणाली, "ते म्हातारे कोण? बरे नाचतात."

सुट्टी मिळाली ती थंडीत. रोपवेने तिघी वर गेलो. आईला पाळण्यात बसवताना मुक्ताने आणि मी दोन्हीकडून धरलं, तर ती आम्हाला झटकून म्हणाली, "मी काय नवी नवरी आहे?" थोरलीपुढे मी खण, नारळ, तांदूळ ठेवले. आई कानाशी म्हणाली, "मनात नको. तोंडाने सांग." मी देवीकडे बघून म्हटलं, "आई, माझं मन लागलं." पुजाऱ्याने मान वर करून बघितलं. असं ऐकायची त्याला सवय नसावी, लोक तिथे लागू दे म्हणतात. मग प्रदक्षिणेच्या वाटेने धाकटीपाशी आलो. ही ती, जी निघाली होती आणि वाटेत थांबली. तिच्यापुढे माझा आवाजच फुटेना. मागे रांग वाढत होती. "बोल ना ताई, पब्लिक खोळंबलीय," मुक्ता म्हणाली, आणि तिने मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथे होता म्हणून मी बोलू शकले.

खाली येताना आई रोपवे नको म्हणाली. शेवटचं एकदा पायऱ्यांनी, निदान पहिल्या वळणापर्यंत. आम्ही खूप बोललो, तिने ऐकलं नाही. एक हात माझ्या खांद्यावर, एक मुक्ताच्या, असं करत तिने ते वळण गाठलं आणि तिथल्या कठड्यावर बसली. "इथे मी दर वेळी बसायचे," म्हणाली. तिथून गाव दिसतं, कारखान्यांची धुराडी, आणि त्यांच्या पलीकडे इंदूरचा रस्ता, माझी टॅक्सी गेली तो. तिला तो किती वर्षं दिसत होता, याचा विचार मी केलाच नव्हता. ती रस्त्याकडे बघत होती. मग अगदी सहज, भाजी काय करू विचारावं तसं तिने विचारलं, "आता शुक्रवारी काय करू गं मी?"

"रोपवेने ये, बस, कचोरी खा आणि घरी जा," मुक्ता म्हणाली. आई हसली. मला हसता आलं नाही. आधी मी तिला खोटं दुःख दिलं, पण त्या दुःखाने तिला दर आठवड्याचं एक काम तरी दिलं होतं. आता मी सुख सांगितलं आणि ते कामही काढून घेतलं. मला वाटायचं, खरं बोललं की मन हलकं होतं. माझं तेवढं झालेलं नाही, अजूनही नाही.

निघताना या वेळीही टॅक्सी, काकींचे पोहे, तळहातावर दही. बॅग ओढून बघायला नाना नव्हते. ते काम मुक्ताने केलं, आणि मला मिठी मारून म्हणाली, "पुढच्या वर्षी मी येते तिकडे. आठ दिवस तू धसायचं इथे आईजवळ, मी नाचून येते." मी लगेच हो म्हटलं. ती गंमत करत नव्हती आणि मीही नाही. तिच्या तारखा आता ठरतायत.

शुक्रवार होता. आखातावर विमान खाली आलं, पाइनची रानं दिसली, क्रेन्स दिसल्या, मनात तेच शब्द आले, आणि मी त्यांना येऊ दिलं. कुलूप काढून दिवा लावला, बॅग अजून हातातच होती तेवढ्यात फोन वाजला. देवासला रात्रीची जेवणं झाली असतील.

"पोहोचलीस का घरी?" आईने विचारलं.

घरी. आजवर ती रूमवर म्हणत आलीय. मी बॅग खाली ठेवली आणि तिथेच दाराशी जमिनीवर बसले. तिने 'रूम' म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. या जागेला आईसमोर घर म्हणायची माझी कधी हिंमत झाली नव्हती, आणि जिच्यामुळे झाली नव्हती तिनेच तो शब्द मला आज देऊन टाकला.

"हो आई," मी म्हटलं. "घरी पोहोचले." मग मला आजचा वार आठवला. "टेकरीवर गेली होतीस?"

"गेले होते," ती म्हणाली. "रोपवेने. काही मागितलं नाही. नुसती बसून आले."